सायकलवरची बाई

पाटी दिसली तेव्हा तपासनिसाच्या तोंडून पहिला शब्द निघाला तो 'शी'. बारा वर्षं तो जिच्यासाठी वणवण हिंडला, जिचा अंगठ्याएवढा फोटो लिलावाच्या एका जुन्या यादीतून कापून त्याने पाकिटात जपला होता, ती सायकलच्या दिव्याची जाहिरात करणारी एनॅमलची पाटी त्याच्या सासऱ्यांच्या बंद पडलेल्या सायकल दुकानात, मागच्या भिंतीवर, हाताच्या अंतरावर लटकत होती. आणि तो म्हणाला 'शी'. यात त्याला स्वतःला काही वावगं वाटलं नाही. उलट ऐन वेळी जीभ कशी कामाला आली याचं जरा कौतुकच वाटलं. रविवारी दुपारी जेवताना वरच्या मजल्यावरचा पंखा थांबला, सासऱ्यांचे गुडघे धरलेले, बायको वाढत होती, म्हणून खालच्या दुकानातलं मेन बटण बघायला हा उठला होता, तोसुद्धा तोंड वाकडं करून. एकोणीस वर्षांत त्याने त्या दुकानात पाऊल टाकलं नव्हतं. येताना बाहेरच्या जिन्याने वर, जाताना बाहेरच्या जिन्याने खाली. ज्या माणसाचं सगळं आयुष्य पंक्चरं काढण्यात गेलं त्याच्या दुकानात बघण्यासारखं काय असणार? आणि बघितलं असतं तरी ती भिंत दिसली नसती. तिच्यापुढे जुन्या रिमांची छतापर्यंत चळत होती. दुकान रिकामं करायचं म्हणून गेल्याच आठवड्यात सासऱ्यांनी रिमा भंगारवाल्याला दिल्या आणि भिंत उघडी पडली.

मोबाइलच्या उजेडात आधी निळा रंग दिसला, मग दिव्याचा पिवळा झोत, मग बाई. एक पाय जमिनीला टेकवून तिने सायकल थांबवली होती आणि मागून कुणी हाक मारल्यासारखी मान वळवली होती. डाव्या गालावर बोराएवढा गंज. खालचा कोपरा उडालेला. तपासनिसाने पाटीकडे पाठ केली, आणि बटण शोधण्याच्या निमित्ताने हात मागे नेऊन नखाने चाचपलं. निळ्यावर पिवळा चढतो तिथे नखाला पायरी लागली. खऱ्या पाटीत लोखंडी पत्र्यावर काचेचा रंग भट्टीत भाजलेला असतो, आणि प्रत्येक रंग वेगळा भाजतात, म्हणून कडेला ही पायरी येते. नकली पाटी छापलेली असते, तिच्यावरून नख नुसतं घसरतं. स्क्रूच्या भोकांभोवती टवके गोल उडालेले होते, ठोकणाऱ्याने शेवटचा पीळ जरा जास्त दिला की उडतात तसे. खरी होती. नेमके तेव्हाच, जिन्यात त्याची ती 'शी' ऐकलेले सासरे भिंत धरत धरत जिन्यावरून उतरून मागे येऊन उभे राहिले.

"काय झालं, जावईबापू? बटण डावीकडे आहे."

"बटण सापडलं. हे काय भंगार लावून ठेवलंय?"

"ती होय? ती जुनीच आहे. मी दुकान घेतलं तेव्हा आधीच्या मालकाने इथेच सोडून दिली होती."

"सोडून देणारच. जुनं म्हणजे चांगलं असं कुठे असतं? तोंड बघा तिचं. गंजलीय, पोपडे निघालेत. कुणी आलं-गेलं तर काय म्हणेल? पत्र्याचं भंगार नुसतं."

"हो का?" सासरे म्हणाले. त्यांनी एकदा पाटीकडे पाहिलं, एकदा जावयाकडे, आणि मग पुन्हा पाटीकडे, जरा वाकून, डोळे बारीक करून. "मला एवढं कधी जाणवलं नाही बघा."

"तुम्हाला कसं जाणवेल," असं म्हणून तपासनिसाने बटण वर केलं आणि जिना चढून जेवायला जाऊन बसला. जेवताना त्याने पुन्हा एकदा त्या पाटीचा विषय काढला आणि पुन्हा एकदा तिला भंगार म्हटलं.

पाट्यांच्या मागे लागलेली माणसं याला माल थंड करणं म्हणतात. हवी ती वस्तू कधी डोळे भरून बघायची नाही. दुकानदाराला भलत्याच बरणीची किंमत विचारायची, तिच्यावरून हुज्जत घालायची, आणि निघताना दारात वळून म्हणायचं की हा गंजका पत्रा फेकूनच देणार असाल ना? मग नाक मुरडायचं, चार दोष काढायचे, आणि निघून जायचं. पंधरा दिवस फिरकायचं नाही. या पंधरा दिवसांत समोरच्याच्या मनातून ती वस्तू उतरते. रोज बघता बघता त्यालाही गंज दिसायला लागतो, आणि मग तो ती आपल्या हाताने तुमच्या गाडीत ठेवतो, वर उपकार मानतो. तपासनिसाइतका या कामात तरबेज माणूस दुसरा नव्हता. त्याने म्हाताऱ्या किराणावाल्यांना त्यांच्या दुकानांची लाज आणली होती. कोंबड्यांच्या खुराड्यांवरचे पत्रे, पाण्याच्या पिंपांवरची झाकणं, गळक्या छपरांची ठिगळं उलटी करून त्याने आतल्या पाट्या काढल्या होत्या, आणि प्रत्येक वेळी मालकाला असं वाटायला लावलं होतं की या साहेबाने आपली घाण उचलून नेली. घरी आल्यावर मात्र तो दार लावून घ्यायचा, पाटी टेबलावर ठेवायचा आणि मऊ फडक्याने, पाणीसुद्धा न लावता, तासन्‌तास पुसत बसायचा. गंजाला तो कधी हात लावत नसे. गंज काढणारा माणूस त्याच्या लेखी खुनी होता.

बाकीचे जमवणारेही त्याच्या लेखी माणसांत जमा नव्हते. त्यांतला एक दातांचा डॉक्टर. त्याने दवाखान्यात चाळीस पाट्या लावल्या होत्या, जबडा वासून बसलेल्या पेशंटला त्यांचा इतिहास ऐकवायचा, आणि त्या चाळिसांतल्या अकरा नकली होत्या. तपासनिसाने त्या मोजल्या होत्या आणि त्याला कधी सांगितलं नव्हतं, कारण मूर्खाला शहाणं करण्यात मजा नाही. दुसरी एक श्रीमंत विधवा. ती रंगसंगती बघून पाट्या घ्यायची, पडद्यांना जुळतील अशा. आणि सगळीकडे उगवलेली ती नवी कॉफीची दुकानं, जिथे कालच्या कारखान्यात छापलेल्या पत्र्यांना ॲसिड लावून, मिठाच्या मातीत पुरून, म्हातारं करून भिंतींवर ठोकलेलं असतं, आणि त्याखाली बसून पोरंपोरी स्वतःचे फोटो काढतात. गाढवाला गुळाची चव काय. तपासनीस अशा दुकानात शिरला की कॉफी मागवायच्या आधी प्रत्येक पाटीच्या भोकांकडे बघायचा. नकली पाटी करणारे सगळीकडे गंज लावतात, पण भोकांभोवती टवके कसे उडतात हे त्यांना कळत नाही. तिथे ते आपले ब्रशने गोल काढतात. एवढ्या एका गोष्टीवरून माणसाची सगळी अक्कल समजते असं त्याचं मत होतं.

पोटापाण्याचा धंदाही त्याला असाच मिळाला होता. विमा कंपनीत तो नुकसानीचा तपासनीस होता. जळालेली गोदामं, भिजलेल्या गाद्या, मोडलेली यंत्रं बघायची आणि नुकसान खरं की मुद्दाम केलेलं ते सांगायचं. खरं नुकसान गप्प असतं आणि खोटं नुकसान फार बोलतं, हे त्याचं वाक्य ऑफिसात प्रसिद्ध होतं; नवीन लोक ते वहीत लिहून घेत. माणसं रडत, हात जोडत, जळक्या कापडाचे तागे पुढे करत, आणि हा वाकून राखेची चिमूट बोटांत चुरडत असे. त्यांतली काही माणसं खरी असायची. पण खरं माणूस आणि खोटं माणूस रडताना सारखंच दिसतं, म्हणून त्याने माणसांकडे बघणंच सोडून दिलं होतं. वस्तूंकडे बघावं. वस्तू हात जोडत नाहीत.

सासऱ्यांकडे तर त्याने पहिल्या दिवसापासून बघितलं नव्हतं. लग्न ठरवताना हा माणूस हातांना ग्रीसचा वास घेऊन पुढे आला, आणि सगळा वेळ तुम्ही म्हणाल तसं, तुम्ही म्हणाल तसं, एवढंच बोलला. अशा माणसाला काय मत असणार. मधे एकदा, सात-आठ वर्षांपूर्वी, जावयाला पाट्यांचा नाद आहे हे ऐकून सासऱ्यांनी बाजारातून एक पाटी आणली होती, रंगीत कागदात गुंडाळून, वर रिबीन. साबणाची. नकली, अगदी नवी कोरी नकली, मागे कारखान्याचा शिक्का तसाच. तपासनिसाकडे तेव्हा चार पाहुणे होते. त्याने ती पाटी सगळ्यांसमोर हातात घेतली, नख फिरवलं, आणि म्हणाला, "ही शौचालयात लावू. साबणाचीच आहे." पाहुणे हसले. सासरेही हसले, सगळ्यांत उशिरा. त्यानंतर त्यांनी पाट्यांचा विषय कधी काढला नाही, आणि त्या घरातल्या खऱ्या पाट्यांकडे, दिव्यांच्या उजेडात लावलेल्या, पुसून पुसून लखलखणाऱ्या त्या भिंतीकडे, ते लांबूनच बघून जात. जावयाला जुन्या पाट्या आवडतात म्हणजे अशा चकचकीत आवडतात, असा त्यांनी त्यातून अर्थ काढला असेल. पण सासऱ्यांनी कशाचा काय अर्थ काढला याचा विचार करायला तपासनिसाला तेव्हा वेळ नव्हता.

त्या रविवारी घरी परतताना गाडीत बायको खिडकीबाहेर बघत म्हणाली, "तुम्हाला ती पाटी हवीय."

"कुठली पाटी?"

"तुम्ही तिला दोनदा भंगार म्हणालात. नको असती तर एकदाच म्हणाला असतात."

"तुला यातलं काय कळतं?"

"यातलं नाही कळत. तुमच्यातलं कळतं. एकोणीस वर्षं मी जेवण वाढतेय आणि तुम्ही नावं ठेवताय, आणि ताटात एक कण शिल्लक राहत नाही. शेळी जाते जिवानिशी आणि खाणारा म्हणतो वातड." ती हसली नाही. "बाबांना सरळ मागा ना. ते आनंदाने देतील. तुम्ही त्यांच्याकडे काहीतरी मागितलंत याचाच त्यांना केवढा आनंद होईल. नाहीतर मी सांगू?"

"खबरदार," तो म्हणाला, आणि इतक्या जोराने म्हणाला की स्वतःच दचकला. मग त्याने आवाज खाली आणून सांगितलं की त्याला काही नकोय, आणि हवंच असेल तर त्याची पद्धत त्याला ठाऊक आहे. बायकोने पुन्हा खिडकीकडे तोंड केलं.

मागणं त्याला जमत नसे, यात नवीन काही नव्हतं. सात वर्षांचा असताना मोठ्या काकांनी परगावाहून दोन खेळणी आणली होती, एक लाकडी भोवरा आणि एक किल्लीचं कासव. किल्ली दिली की कासव टेबलावर चालायचं, कडेपर्यंत जायचं, आणि पडायच्या आत स्वतःच वळायचं. पडता पडता वळणारी वस्तू त्याने त्याआधी पाहिली नव्हती. तो आनंदाने ओरडला, मला कासव, मला कासव. काकांनी त्याच्याकडे पाहिलं, त्याच्या वडिलांकडे पाहिलं, आणि कासव उचलून आतेभावाच्या हातात ठेवलं. हावरटपणा बरा नव्हे, काका म्हणाले. वडील म्हणाले, बरोबर आहे. आतेभावाने काही मागितलं नव्हतं, त्याला कासवात रसही नव्हता, संध्याकाळपर्यंत त्याने त्याची स्प्रिंग तोडली. त्या दिवशी तपासनिसाला जे कळलं ते पुढे कुठल्या शाळेने शिकवलं नाही. तोंड उघडून मागितलं की गेलं. पुढच्या वेळी काका आले तेव्हा तो म्हणाला, असली कसली खेळणी, आणि सगळ्यांत चांगलं खेळणं त्याच्या वाट्याला आलं. घरात सगळ्यांना वाटलं, पोरगा सुधारला.

आता पन्नाशी उलटल्यावर, ज्याला आपण काडीची किंमत दिली नाही त्या माणसापुढे जाऊन हात पसरायचा? ती भिंत, ते निळं पाठीशी घेऊन त्या म्हाताऱ्याने चाळीस वर्षं तिथे ट्यूबा चिकटवल्या, आणि त्याला दिसलं काय, तर काही नाही. ही गोष्ट तपासनिसाला सगळ्यात जास्त टोचत होती. जगातल्या उरलेल्या तीन पाट्यांपैकी एक, आणि बाकीच्या दोन, एक अर्धी तुटकी, दुसरी कुठल्याशा संग्रहालयाच्या तळघरात. तिसरी एका पंक्चरवाल्याच्या पाठीमागे. आणि आपण बारा वर्षं कुठे कुठे गेलो, कुणाकुणाच्या कोंबड्या हाकलल्या. काखेत कळसा आणि गावाला वळसा. पण यात आपली चूक ती काय, असं तो स्वतःला सांगायचा. त्या माणसाने कधी तोंडातून अवाक्षर काढलं नाही. आंधळ्याच्या घरी आरसा असावा आणि त्याने तो पाटासारखा बसायला घ्यावा, त्यातला प्रकार.

पंधरा दिवस त्याने मोजून काढले. त्या दिवसांत तो फार शांत होता, आणि शांत असला की त्याची जीभ जास्त चालायची. ऑफिसात एका शिंप्याचं जळकं दुकान बघायला गेला आणि शिंप्याला म्हणाला, तुमच्या आगीला घाई फार होती. घरी त्याने हॉलमधल्या मधल्या भिंतीवरच्या चार पाट्या उतरवल्या आणि त्या जागी मोजपट्टीने पेन्सिलची खूण केली. रात्री जेवल्यावर तिथे खुर्ची टाकून तो रिकाम्या भिंतीकडे बघत बसायचा. निळ्यावर उजेड कुठून पाडायचा, गालावरच्या गंजाला थोडी सावली द्यायची का, याचा विचार करायचा. तो गंज त्याला फार आवडला होता. फोटोत बाई नुसती छापील सुंदर होती, अशा बायका जाहिरातींत ढिगाने मिळतात. पण त्या दुकानात तिच्या गालावर काळ येऊन बसला होता, आणि मान वळवून ती मागे बघत होती ते जणू त्याच्याकडेच. हे असलं कुणापाशी बोलायची सोय नव्हती. दातांच्या डॉक्टरापाशी बोलला असता तर त्याने दुसऱ्या दिवशी सासऱ्यांच्या दारात गाडी उभी केली असती. बायकोपाशी बोलला असता तर ती जिंकली असती. खुर्चीत बसून त्याला कधी कधी एवढंच वाटायचं की शेजारी कुणीतरी बसावं, ज्याला तो गंज दिसेल.

दुसऱ्या आठवड्यात सासऱ्यांचा फोन आला. बायको बोलली आणि फोन ठेवून म्हणाली, "बाबांनी रविवारी बोलावलंय. जेवायला नाही, नुसतं या म्हणाले. तुम्हाला काहीतरी द्यायचंय म्हणे. आवाजात कसला आनंद होता त्यांच्या. परवाही फोन करून मला विचारत होते, जावईबापूंना कुठला निळा आवडतो, आकाशी की गडद. मी म्हटलं मला काय माहीत, शर्ट शिवताय का?"

निळ्याचं ऐकून तपासनिसाने खरं तर सावध व्हायला हवं होतं. पण तो हसला. माल थंड झाला, एवढंच त्याने ऐकलं. बरोबर पंधरा दिवस; याला म्हणतात हात बसणं. रविवारी सकाळी त्याने गाडीच्या डिकीत जुनं ब्लँकेट अंथरलं आणि दोन उशा टाकल्या. वाटेत तो बायकोशी चांगलं बोलला, तिच्या बहिणीची चौकशी केली. आणि मनात त्याने वाक्यसुद्धा तयार केलं. आता काय, तुम्ही आग्रह करताय तर नेतो, अडगळीत पडेल कुठेतरी.

दुकानाचं शटर वर होतं. आत झाडून काढलेलं, नवीन रंगाचा आणि टर्पेंटाइनचा वास. एका बाजूला दोन खुर्च्यांवर एक फळी, फळीवर भिंतीला टेकवून काहीतरी उभं, आणि त्यावर धुतलेली पांढरी चादर. मागची भिंत मोकळी होती. जिथे पाटी होती तिथे तेवढाच चौकोन जरा फिका. फरशीच्या सांध्यांत निळी पूड बसली होती. तपासनिसाला ती दिसली, वस्तू बघायची सवयच होती त्याला, आणि पूड कसली हे त्याला चादर उचलायच्या आधी कळलं.

सासऱ्यांनी चादर काढली. काम बाकी सुरेख झालं होतं. चाळीस वर्षं सायकलींच्या दांड्यांवर केसासारख्या बारीक सोनेरी रेघा ओढलेला हात होता तो. निळा एकसारखा, गुळगुळीत, कुठे ब्रशची खूण नाही. पिवळा झोत नव्याने आखलेला. उडालेला कोपरा लांबीची पुट्टी भरून चौकोनी केलेला, भोकं बुजवलेली, त्यांच्या जागी चार नवीन, पितळी वायसर लावून. बाईचे दोन्ही गाल गुलाबी होते. पूर्वी ती हसत नव्हती, आता हसत होती.

"रंग धरेचना हो," सासरे सांगत होते. एका हाताने त्यांनी फळी धरली होती, गुडघ्यांमुळे. "पॉलिश पेपर मारला, काही नाही. वर काचेसारखं काहीतरी होतं, भलतं टणक. मग ग्राइंडर आणला मित्राचा, आणि सगळं उतरवलं, पार खालचा पत्रा दिसेपर्यंत. तीन दिवस त्यातच गेले. आधी कागद ठेवून सगळं चित्र छापून घेतलं होतं, म्हणून जसंच्या तसं काढता आलं. तुम्ही म्हणालात ना, तोंड बघा तिचं. तेव्हापासून मनात होतं. तुमच्याकडे कसल्या एकेक झकास पाट्या आहेत. म्हटलं, त्यांच्यात उभी राहील अशी करावी आणि तुम्हाला द्यावी. मागे ती साबणाची आणली होती, तेव्हा चुकलंच माझं, मला कळत नव्हतं. ही तरी बरी झालीय का?"

बायको दाराशी उभी होती. तिने पाटीकडे पाहिलं, मग फिक्या चौकोनाकडे, मग नवऱ्याकडे. ती जागची हलली नाही.

तपासनीस पुढे गेला. बोट आपोआप निळ्याच्या कडेवर गेलं, आणि नख घसरलं. त्याच्या डोक्यात एकाच वेळी सगळे शब्द आले होते, आयुष्यभर वापरून गुळगुळीत झालेले, गाढव, अडाणी, आंधळा, पंक्चरवाला, आणि त्यांतला एकही तोंडापर्यंत येत नव्हता. हा माणूस तीन दिवस, दुखऱ्या गुडघ्यांवर बसून, ती खरवडत होता.

"चांगली झालीय," तो म्हणाला.

सासऱ्यांनी मुलीकडे पाहिलं, ऐकलंस का, अशा अर्थी. मग ते फळीच्या कडेला टेकले आणि आवाज उतरवून बोलले. "तुम्हाला म्हणून सांगतो, जावईबापू, हसू नका. ग्राइंडर लावला तेव्हा माझा हात धजेना. मला ती तशीच आवडायची. दुपारी गिऱ्हाईक नसलं की मी स्टूल टाकून बसायचो तिच्यासमोर. त्या गंजामुळे ती बाई कशी, खरी वाटायची. कुठूनतरी लांबून आलेली, दमलेली. चार वाजता शटरच्या फटीतून ऊन यायचं ते बरोबर तिच्यावर. उन्हाने रंग उतरेल म्हणून मग मीच समोर रिमा रचल्या. हिची आई चिडवायची मला, तुमची सायकलवरची बाई कशी आहे म्हणून. कुणापाशी बोललो नाही कधी. म्हटलं, आपण पंक्चरवाले, आपल्याला काय कळतं. तुम्ही शिकलेले, तुमची नजर त्यातली. तुम्ही बघितल्या बघितल्या शी म्हणालात, तेव्हा मी जाऊन पुन्हा नीट बघितलं, आणि मग मलाही घाण दिसायला लागली. चार दिवस बघत होतो. शेवटी म्हटलं, आपलंच चुकत असणार."

बाहेरून कुणीतरी घंटी वाजवत सायकलवरून गेलं. सासऱ्यांनी नवीन रंगावरची न दिसणारी धूळ अंगठ्याने पुसली, आणि पाटीकडे न बघता विचारलं, "पण खरंच वाईट दिसत होती ना हो ती?"

तपासनिसाने त्यांच्याकडे पाहिलं. बहुधा पहिल्यांदाच पाहिलं. नखांत निळा रंग, भुवयांवर पत्र्याची बारीक पूड, आणि डोळे, ज्यांना बारा वर्षं हिंडून त्याला जे सापडलं ते इथे स्टुलावर बसून रोज दिसत होतं. खरं सांगितलं असतं तर त्याच्या आयुष्यातलं ते पहिलं सरळ वाक्य झालं असतं. ती फार सुंदर होती. मला ती हवी होती. मी खोटं बोललो. तीन वाक्यं, आणि मग हा म्हातारा उरलेले दिवस या रिकाम्या दुकानात, त्या फिक्या चौकोनासमोर बसून काढणार.

"हो," तो म्हणाला. "फार वाईट दिसत होती. भंगार होती नुसती."

"मग बरं झालं," सासरे म्हणाले. त्यांचा चेहरा मोकळा झाला. ते चादरीची घडी घालू लागले, मग त्यांच्या लक्षात आलं की ती तर पाटीला गुंडाळायला लागेल, आणि त्यांनी ती पुन्हा उलगडली. तपासनिसाने एक टोक धरलं. दुसरं टोक धरायला बायको दारातून आत आली, आणि तिघांनी मिळून ती बाई नीट झाकली.